रेड बुलची व्हाइट पीच: कुणी घेऊन पाहिली का?

फेसाळ (धागाकर्ता)

मंडळी,

रेड बुल या एनर्जी ड्रिंकची २०२५ सालची व्हाइट पीच ही समर एडिशन (उन्हाळ्यासाठी काढलेली चव) अखेर प्यायलो. अशा पेयांवरची चर्चा बहुतेकदा 'मस्त' किंवा 'बकवास' एवढ्यावरच आटोपते आणि ते मला कधीच पटत नाही. चव बसवताना कुणीतरी डोकं लावलेलं असतं, मग पिणाऱ्यानेही थोडं लावावं. म्हणून सविस्तर लिहितोय.

डबा थंडगार होता. उघडताच आला तो पीचचाच वास, अगदी पिकून मऊ पडलेल्या फळाचा. पहिल्या घोटात आधी गोडवा लागला. पाठोपाठ संत्र्या-लिंबाच्या सालीत असतो तसा किंचित कडवटपणा आला, आणि गिळून झाल्यावर नाकात मागच्या बाजूला फुलांचा मंद वास रेंगाळला. मूळ रेड बुलची ती ओळखीची आंबटगोड, जेलीच्या गोळ्यांसारखी चव तळाशी आहेच, पण ती पुढे पुढे करत नाही.

अर्धा डबा काचेच्या ग्लासात ओतून मुद्दाम तसाच ठेवला. गारवा गेला, बुडबुडे कमी झाले आणि मग प्यायलो तर पेय जवळपास निराळंच. गोडी अंगावर येते, पीचचा वास जड होतो, आणि सालीच्या कडवटपणामागे लपलेला कॅफिनचा कडूपणा जिभेच्या मागच्या भागाला उघड जाणवतो. त्यामुळे माझं मत असं: गार असताना ही मी आजवर चाखलेल्या एडिशनांमधली सर्वांत नाजूक चव आहे, पण रमतगमत प्यायचं हे पेय नाही. छोटा डबा घ्यावा आणि गार आहे तोवर संपवावा.

चव नवी असली तरी कॅफिन मूळ रेड बुलइतकंच आहे, म्हणजे २५० मिलिच्या डब्यात ८० मिग्रॅ. साखरेचा आकडा मात्र प्रत्येक चवीला थोडा इकडेतिकडे होतो, तेव्हा डबा फिरवून वाचा. मूळ पेयाच्या २५० मिलिमध्ये ती सुमारे २७ ग्रॅम असते.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ज्यांनी इतर चवी घेतल्या आहेत त्यांनी तुलना केली तर आवडेल.

जिभेचे_चोचले

गार असतानाच्या चवीबद्दल +१. फुलांचा वास मलाही जाणवला, मला वाटलं माझाच भास.

तुलना करायची तर कलिंगड सगळ्यांत सरळ. पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत तीच चव, बदल नाही. त्यात धोका नाही आणि नवलही नाही. नारळ-बेरीचं उलट: ज्याला आवडते त्याला फार आवडते, बाकीच्यांना सनस्क्रीन लावून बसल्यासारखं वाटतं. पीच या दोघांच्या मधली. मला ती मूळ चवीपेक्षा सरस वाटली, पण रोज हात जाईल अशी नाही.

एक प्रश्न. पीचचे इतके सोडे नि आइस टी निघतात आणि बहुतेक सगळे साबणासारखे लागतात. इथे तसं झालं नाही, ते कशामुळे?

रसायनी

फेसाळ, धागा आवडला. खाद्यपदार्थांच्या चवी आणि वास हे माझं रोजचं काम आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

आधी एक प्रयोग करा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि एक घोट घ्या. काय लागेल? गोड, आंबट, थोडं कडू, आणि बुडबुड्यांची चुरचुर. पीच कुठेच नाही. घोट तोंडात असतानाच नाक सोडा, की क्षणात पीच येतं. फळाची ओळख जीभ पटवत नाही, तोंडातून घशामागून नाकात चढणारा वास पटवतो. म्हणजे नवी एडिशन म्हणून जे येतं ते मुख्यतः वासाचं मिश्रण. गोड, आंबट, कडू हा पाया जवळपास तोच राहतो.

पीचचा वास प्रामुख्याने लॅक्टोन गटातल्या संयुगांमुळे येतो, त्यातलं महत्त्वाचं गॅमा-डेकालॅक्टोन. ही संयुगं मलईदार, भरदार वासाची असतात. प्रमाण थोडं जास्त झालं की फळाऐवजी सुगंधी क्रीम आठवतं. जिभेचे_चोचले यांना जो साबण लागतो तो बहुधा इथला. आणि पीचच्या जोडीला फुलांचा वास देताना हात सैल सुटला तर आणखी भर, कारण तसेच फुलांचे वास साबणातही असतात.

आता या पेयाची खरी अडचण. पांढऱ्या गराचं पीच पिवळ्यापेक्षा साधारणपणे कमी आंबट आणि जास्त सुवासिक. म्हणजे फळ सौम्य, पण एनर्जी ड्रिंकचा पाया सायट्रिक ॲसिडमुळे चांगलाच आंबट आणि कॅफिनमुळे कडू. सौम्य फळ त्यावर ठेवलं की कडूपणा डोकं वर काढणारच. सालीचा वास तिथे उपयोगी पडतो. संत्र्या-लिंबाच्या सालीत कडवटपणा असतो हे आपल्या मेंदूला पाठ आहे. वास सालीचा आला की जिभेवरचा कडूपणा त्याच्या खात्यावर जमा होतो आणि खटकत नाही. माझ्या मते या चवीतला सर्वांत हुशार भाग हाच आहे.

गार-कोमटचा फरकही खरा आहे. जिभेवरची गोडी ओळखणारी यंत्रणा थंडीत मंदावते, त्यामुळे गार पेयात तीच साखर कमी गोड लागते. शिवाय कार्बन डायऑक्साइडचं जिभेवर कार्बोनिक आम्ल बनतं. ती चुरचुर निव्वळ बुडबुडे फुटण्याची नसते, आम्लाचीही असते, आणि ती गोडीला आवर घालते. गारवा आणि गॅस दोन्ही गेले की उरतं ते साखरपाणी आणि वास.

निवांत

नाक धरून करायचा प्रयोग आत्ताच केला. माझ्याकडे पीच नव्हती, मूळ चवीवर केला. नाक सोडल्यावर एकदम केळ्याच्या गोळीसारखं काहीतरी आलं! इतकी वर्षं पितोय, कधी लक्षात आलं नव्हतं.

बाकी एक शंका बरेच दिवस आहे. यातलं टॉरिन बैलापासून काढतात असं ऐकलंय. मी मांसाहार करत नाही.

रसायनी

निवांत, केळ्याचं निरीक्षण अचूक. आयसोअमाइल ॲसिटेटचा वास तसाच असतो आणि मिठाईच्या गोळ्यांत तो सर्रास वापरतात. यात नेमकं काय घातलंय ते कंपनीच जाणे, पण तुमचं नाक योग्य दिशेला गेलं.

टॉरिन सर्वांत आधी १८२७ साली बैलाच्या पित्तातून वेगळं केलं गेलं, टीडमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी. गैरसमज तिथून आला. आज पेयांत वापरलं जाणारं टॉरिन कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होतं, प्राण्यांशी त्याचा संबंध नाही. आपलं शरीरही ते स्वतः बनवतं. टॉरिन आणि ग्लुकुरोनोलॅक्टोन (अशा पेयांत वापरला जाणारा आणखी एक घटक) या दोन्हींचा आढावा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये घेतला होता आणि एनर्जी ड्रिंकमधल्या प्रमाणात ती चिंतेची नाहीत असा निष्कर्ष काढला होता. लक्ष ठेवायचं ते कॅफिन आणि साखरेवर.

मैदानी

मी रेड बुलपेक्षा मॉन्स्टरवाला. त्यांच्या पांढऱ्या डब्यातलं झिरो अल्ट्रा (२०१२) आलं तेव्हापासून तेच. रेड बुल मला कमजोर वाटतं. पीच घेऊन पाहीन, पण मुळात मॉन्स्टर जास्त स्ट्राँग असताना छोटा डबा का घ्यावा?

आणि दुसरं, लांब पळायच्या आधी हे घेतलेलं चालतं का?

फेसाळ

मैदानी, मॉन्स्टर स्ट्राँग असतं हा समज फार पसरलाय. मूळ मॉन्स्टरच्या ४७३ मिलिच्या डब्यात १६० मिग्रॅ कॅफिन. हिशोब केला तर दर १०० मिलिला सुमारे ३४. रेड बुलचे दर १०० मिलिला ३२. जवळजवळ सारखंच. फरक डब्याच्या आकाराचा आहे. मूळ मॉन्स्टरच्या त्या डब्यात साखर ५४ ग्रॅम, तुमच्या झिरो अल्ट्रात ती नाही हे बरं.

खरंच तीव्र हवं म्हणणाऱ्यांसाठी ३५५ मिलित २०० मिग्रॅवालं सेल्सियस आहे आणि ४७३ मिलित ३०० मिग्रॅवालं बँग आहे. हे आकडे माहीत असावेत, कारण डबे शेजारी शेजारी ठेवले तर आतला फरक दिसत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिग्रॅ आणि एका वेळी २०० मिग्रॅपर्यंत कॅफिन सुरक्षित धरलं. गरोदर स्त्रियांसाठी पूर्ण दिवसाचे २००. यात कॉफी, चहा, कोला सगळं धरायचं. त्या मापाने ३०० मिग्रॅचा डबा एका बैठकीत संपवणं जास्तच होतं, मग त्याची चव कितीही सुंदर असो.

पळण्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

औषधी

पळण्याबद्दल. कॅफिनने दमसासाच्या खेळात फायदा होतो हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलंय. खेळातल्या पोषणाचे तज्ज्ञ साधारण वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मिग्रॅ, सुमारे तासभर आधी, असं सांगतात. पण मैदानी, त्यासाठी गॅसवालं पेय पोटात घेऊन पळू नका. पोट फुगतं, ढेकर येतात. आणि घामाने गेलेले पाणी-क्षार भरून काढायला ही पेयं नाहीतच. खेळाडूंची क्षारयुक्त पेयं वेगळी, एनर्जी ड्रिंक वेगळं. भर उन्हात, व्यायामानंतर लगेच डबा फोडायचा तर आधी पाणी प्या.

ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे, रक्तदाब जास्त आहे, किंवा नियमित गोळ्या चालू आहेत त्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच. हे मी औपचारिकता म्हणून लिहीत नाही, कळकळीने लिहितोय.

रात्रपाळीवाली

माझी ड्यूटी रात्रीची असते आणि पहाटे चारच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात. तेव्हा एक छोटा डबा घेतला की काम निभतं, पण सकाळी घरी गेल्यावर झोप लागत नाही. पीचची चव मलाही आवडली, म्हणून उलट काळजी वाटते की सवय लागेल. कुणी उपाय सांगू शकेल का?

औषधी

रात्रपाळीवाली ताई, तुमचा प्रश्न वेळेचा आहे. दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं आणि झोप आणतं. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा नाहीसा होत नाही, तो मेंदूपर्यंत पोचत नाही इतकंच. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला सरासरी पाचेक तास लागतात. पहाटे चारला ८० मिग्रॅ घेतलं तर सकाळी नऊला त्यातलं चाळीसच्या आसपास अजून फिरत असतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिग्रॅ कॅफिन दिलं, तरी एकूण झोप एका तासापेक्षा जास्त घटली. तुमचा डोस त्याहून बराच लहान, पण दिशा तीच.

हे पाच तास सगळ्यांना सारखे नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफिन जास्त वेळ टिकतं, गरोदरपणात त्याहूनही. धूम्रपान करणाऱ्यांत लवकर निघून जातं.

जमलं तर डबा पाळीच्या पहिल्या भागात घ्या, डोळे मिटायची वाट न पाहता. पहाटेसाठी पंधरा-वीस मिनिटांची डुलकी, उजेड आणि थोडं चालणं. आणि अर्धाच डबा पुरतो का तेही बघा. अनेकांना पुरतो.

रात्रपाळीवाली

मनापासून आभार. वेळ पुढे घेण्याचं सुचलंच नव्हतं. मी गोळ्या घेते, तेव्हा तो भागही लागू पडतो. करून बघते आणि कळवते.

चिऊची_आई

इथे विचारणं योग्य आहे की नाही माहीत नाही. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याच्या वर्गातली मुलं हे पितात, आणि पीच, कलिंगड अशी नावं असल्यामुळे 'आई, हे फळाचंच आहे' असं तो मला सांगतो. मी नाही म्हणते, पण कारण नीट सांगता येत नाही. नुसतं नाही म्हटलं की तो बाहेर पिणार.

फेसाळ

चिऊची आई, अगदी योग्य जागी विचारलंत. माझ्या मते या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

फळांच्या चवींचं मला प्रेम आहे, तरी त्यांची एक बाजू मला खुपते. मूळ रेड बुलची चव पहिल्यांदा पिणाऱ्याला औषधासारखी वाटायची आणि बरीच मुलं एका घोटानंतर सोडून द्यायची. पीच-कलिंगडने ती अडचण दूर केली. चव ज्यूसची, पण आत कॅफिन तेवढंच.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगितलंय की लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी एनर्जी ड्रिंक नकोतच. लिथुआनियाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना ती विकायला बंदी घातली, लॅटव्हियाने २०१६ मध्ये, पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून. मुलाला हे सांगा. आई उगाच अडवत नाही, देशांनी कायदे केलेत, हे त्या वयात पटतं.

आणि त्याला रागावण्यापेक्षा डबा हातात देऊन मागची बाजू वाचायला लावा. युरोपात विकल्या जाणाऱ्या डब्यावर तर 'मुलांसाठी आणि गरोदर वा स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी शिफारस नाही' असं लिहिणं बंधनकारक आहे. कंपनीनेच छापलेलं वाचलं की वाद कमी होतो. रसायनीताईंचा नाकाचा प्रयोग पीचच्या साध्या सरबतावरही होतो. तो त्याच्याबरोबर करा. फळाचा वास असणं आणि फळ असणं यातला फरक त्याला स्वतःलाच कळेल.

रसायनी

शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. घटकांची यादीही वाचायला लावा, ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. पाणी आणि साखर सगळ्यांत वर, वासाचे पदार्थ पार खाली.

जिभेचे_चोचले

थोडं चवीकडे परत येऊया? फेसाळ, साखर नसलेल्या पेयांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मला रेड बुल शुगरफ्री प्यायल्यावर तोंडात एक गोड पापुद्रा बसल्यासारखा वाटतो, पाणी प्यायलं तरी जात नाही.

रसायनी

मी उत्तर देते. साखरेऐवजी जे गोड पदार्थ वापरतात त्यातलं सुक्रॅलोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, ॲसेसल्फेम-के सुमारे २०० पट. त्यामुळे अगदी चिमूटभर लागतं. पण साखरेची गोडी चटकन चढते आणि चटकन उतरते. सुक्रॅलोजची सावकाश चढते आणि रेंगाळते. ॲसेसल्फेम लवकर येतं पण मागे थोडा कडवट, धातूसारखा स्वाद ठेवतं. दोन्ही मिसळतात ते एकमेकांच्या उणिवा झाकायला. शिवाय साखरेमुळे पेयाला जो दाटपणा येतो तो गेला की पेय पातळ लागतं. पीचसारख्या मलईदार वासाला दाटपणा हवा असतो, म्हणून असल्या चवी साखरेसकटच जास्त खुलतात असं माझं मत. लिंबूवर्गीय चवी मात्र साखरेविनाही छान उभ्या राहतात.

दंतकथा

दातांचा डॉक्टर या नात्याने एक भर. शुगरफ्री म्हणजे दातांना सुरक्षित, हे चूक. साधारण ५.५ पीएचच्या (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट) खाली दातांवरचं एनॅमल विरघळायला लागतं आणि ही पेयं बरीच खाली, तीन-साडेतीनच्या घरात असतात. सायट्रिक ॲसिड साखरेच्या आणि शुगरफ्री अशा दोन्हींत असतं. फेसाळ यांनी 'गार आहे तोवर संपवावा' असं चवीसाठी लिहिलंय, दातांसाठीही तेच बरं. तासभर एकेक घोट घेत बसलं तर तेवढा वेळ तोंड आंबट राहतं. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. लगेच ब्रश करू नका, मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं. किमान अर्धा तास थांबा.

मैदानी

फेसाळ, औषधी, आभार. १०० मिलिच्या हिशोबाने माझा मोठाच समज खोटा ठरला. पीच आज घेतली. गार होती, आवडली. सालीचा कडवटपणा लगेच सापडला कारण तुम्ही आधी सांगितलं होतं, एरवी निसटला असता. मित्र म्हणतोय व्होडकात छान लागेल.

औषधी

मैदानी, तेवढं नको. कॅफिनमुळे दारूची गुंगी कमी जाणवते, पण रक्तातली दारू कमी होत नाही, म्हणून माणूस अंदाज चुकून जास्त पितो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१० मध्ये कॅफिन मिसळलेली मद्यं बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला तो याच कारणाने. मित्रालाही सांगा.

निवांत

एक शेवटचं. माझा अर्धा डबा उरतो. फ्रीजमध्ये झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी प्यायलेला चालेल का? चव राहील?

फेसाळ

निवांत, उघडा डबा रात्रभर ठेवला की गॅस जातो आणि वासही बराच उडतो. पीचची तर सगळी गंमत वासात आहे, त्यामुळे उरेल ते गोड पाणी. कॅफिन मात्र पूर्ण उरतं, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा हिशोब करताना ते धरा. ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, फेस बराच टिकतो. पुढच्या आठवड्यात मूळ चव आणि पीच शेजारी शेजारी, दोन्ही नाक धरून, असं करून बघणार आहे. निरीक्षणं इथेच लिहीन.